भाऊच्या वाटची अंडी

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या मुलाचा हेवा करते.

दोंडाईचा स्टेशनवरची ड्यूटी संपवून तुम्ही घरी यायचात, तेव्हा सदऱ्याच्या खिशात कागदात गुंडाळलेली दोन अंडी असायची. विषमज्वरातून उठल्यापासून भाऊची तब्येत तोळामासाच होती. आई चुलीवर अंडी उकडायची, तुम्ही स्वतः सोलायचात, मीठ लावायचात आणि दोन्ही त्याच्या ताटात ठेवायचात. मी एकदाच हात पुढे केला. “तो कमजोर शे, त्याले खाऊ दे. तू ते बठ्ठं खाई लेस,” तुम्ही म्हणालात. मी सगळंच खाणारी, म्हणून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि डाळ खाल्ली. अजूनही तेच खाते.

मागच्या महिन्यात धुळ्याला त्याला हार्ट अटॅक आला. स्टेंट टाकल्यावर मी त्याला माझ्याकडे जळगावला आणलं. प्रत्येक जेवणाला तो तुमच्याच गोष्टी सांगायचा. खांद्यावर बसवून तुम्ही त्याला मालगाड्या दाखवायचात म्हणे. मला कधी दाखवल्या नाहीत.

इथले एक डॉक्टर साठीपुढच्या माणसांच्या आतड्यांतल्या जंतूंचा अभ्यास करतात. त्यांनी आम्हा दोघांची तपासणी केली. मटण-अंड्यांतल्या काही घटकांपासून हे जंतू एक पदार्थ बनवतात, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि तो रक्तात मिसळतो. ज्या वयस्कर माणसांत तो जास्त असतो, त्यांच्यात हृदयविकारही जास्त दिसतो. भाऊच्या रक्तात तो पुष्कळ निघाला, माझ्या रक्तात अगदी थोडा.

आबा, मला आनंद झाला. मी डॉक्टरांना बाजूला गाठून विचारलं, “लहानपणी रोज अंडी खाल्ली, त्याचं हे असेल का?”

“नाही हो मावशी. तेव्हाच्या अंड्यांचा आज काय संबंध? आपण आज काय खातो, तसे हे जंतू बदलतात. आणि या पदार्थामुळेच अटॅक येतो, असंही अजून ठामपणे सांगता येत नाही. यांची बिडी आहे, शुगर आहे, तेही बघायला हवं.”

घरी आल्यावर भाऊने विचारलं, “अक्का, आबांनी माझे एवढे लाड केले, त्याचंच हे झालं का गं?” डॉक्टरांचं उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी म्हणाले, “असेल.”

तेव्हापासून तो तुमचं नाव काढत नाही. मी समोर बसून वाढते, तो खाली मान घालून जेवतो. हा कागद कुठेही जाणार नाही, म्हणून लिहिते. त्याला खरं सांगायचं मी रोज ठरवते. पण जेवण होईपर्यंत तुम्ही माझ्या एकटीचे असता, आबा, आणि मला ते बरं वाटतं.