रघुनाथला समजून घेताना

१२ जून १९९४, रविवार. सकाळ.
आजपासून कथा. नवघरच्या वाचनालयाची स्पर्धा, शेवटची तारीख ३०. नायक रघुनाथ बायकोला मारतो. सामान्य लेखक अशा माणसाला सरळ व्हिलन करून मोकळे होतात. मी नाही. मी त्याला समजून घेणार. माफ मात्र करणार नाही. हा फरक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून खाली डबल रेघ मारली आहे.
बहीण वासंती चेण्याचं सासर सोडून आमच्याकडे आली, त्याला तीन आठवडे झाले. डाव्या मनगटाला प्लास्टर. भांडणात दत्तारामरावांनी, म्हणजे तिच्या मिस्टरांनी, ढकललं. कथेशी याचा काही संबंध नाही.

१६ जून
रघुनाथला बालपण दिलं. वडील पट्ट्याने मारायचे. छान जमलंय.

२१ जून
त्याची कंपनी बंद पाडली. शिवाय ॲसिडिटी दिली.
भाजी निवडता निवडता उर्मिलाने विचारलं, रघुनाथच्या बायकोचं नाव काय? म्हटलं, अजून सुचलं नाही. चहा करण्यापलीकडे तिला काम नाही, त्यामुळे अडत नाहीये. आमच्या सौ. गवार जोरात मोडू लागल्या.

२४ जून, संध्याकाळी ६
मारहाणीचा प्रसंग. आधी लिहिलं, 'त्याने तिला मारलं.' फार भडक वाटलं. मग, 'त्याचा हात उठला.' मग, 'हात उठला गेला.' शेवटी, 'काय घडलं ते त्यालाही कळलं नाही.' याला म्हणतात कला!

२८ जून
फेअर कॉपी वासंती करतेय. तिचं अक्षर सुंदर, उजवा हात ठीक आहे, आणि तिचाही वेळ जातो. त्या प्रसंगाच्या पानावर थांबली. म्हणाली, "दादा, ती तेव्हा कुठे उभी होती?"
मी विचारच केला नव्हता. म्हटलं, मोरीपाशी असेल. तिने मान हलवली आणि पुढे उतरवू लागली.
उगाच मागची दिवाळी आठवली. तेव्हाही वासंती अशीच घर सोडून आली होती. दोन दिवसांनी मीच तिला रिक्षाने परत सोडलं. वाटेत म्हटलं, त्यांनाही टेन्शन असतं गं, जरा समजून घे. हेतू चांगलाच होता.
जेवण गेलं नाही. हवा खराब आहे.

१० जुलै, रविवार
पहिलं बक्षीस! वाचनालयात मी स्वतः कथा वाचली. पुरुषवर्ग उभा राहून टाळ्या वाजवत होता. उर्मिला चपला शोधायला मध्येच बाहेर गेली ती आत आलीच नाही.

१४ जुलै
दत्तारामराव आले. कुणीतरी कथेची झेरॉक्स दिली म्हणे. अर्ध्याअधिक ओळींखाली पेन्सिलीच्या खुणा. डोळ्यांत पाणी. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "शशिकांतराव, आजवर मला कुणी ओळखलंच नाही. तुम्ही ओळखलंत."
मग वासंतीकडे वळले. "वाच, तुझ्या भावानंच लिहिलंय. चल, बॅग भर."
वासंतीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, रघुनाथ काल्पनिक आहे.
शेवटी उर्मिलाने दार उघडून धरलं. म्हणाली, "ती येणार नाही. तुम्ही निघा." ते निघाले. जाताना माझ्याच पाठीवर थाप मारून गेले.
निर्धार: उद्या वासंतीची माफी मागायची. स्पष्ट शब्दांत.

१५ जुलै
ऑफिसात ऑडिट. आल्यावर ती कपड्यांच्या घड्या करत होती. कामात असलेल्या माणसाला डिस्टर्ब करणं बरं दिसत नाही.

१६ जुलै, शनिवार. सकाळी १०
वासंती आणि उर्मिला वकीलबाईंकडे निघाल्या. साक्षीदार म्हणून वासंतीने उर्मिलाचं नाव दिलंय. सख्खा भाऊ मी. शेवटी विचारलंच, मी का नको?
वासंती रागावली नाही. पदराला पिन लावत म्हणाली, "दादा, तू तिथेही दोघांना समजून घेशील. मला फक्त माझ्या बाजूने बोलणारं माणूस हवंय."
मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. माफीचं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण तिने चप्पल घातली होती. विचारलं, निदान खालपर्यंत येऊ? उर्मिला म्हणाली, नको, तुम्ही कुकर लावा, तीन शिट्ट्या.
लावला. किती झाल्या, लक्षच राहिलं नाही.