बारा फेब्रुवारी, चौदा नव्हे

प्रिय चिमणे,

तुझ्या बाबांच्या साठीनिमित्त तू काढलेली पुस्तिका मावशीने आणून दिली. लेखन सुबक आहे. शुद्धलेखनाच्या चुका केवळ अकरा. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या माणसाने त्या पोटात घातल्या. परंतु सातव्या पानावर तू लिहितेस की, आजोबांनी आईला घराबाहेर काढले, ते लग्नाला आले नाहीत आणि परधर्मीय जावयाचे नाव त्यांनी आजतागायत उच्चारले नाही. तसे घडलेले नाही.

मी तिला बाहेर काढले नाही. "बाबा, काहीतरी बोला ना," असे तिने तीनदा विनवले आणि मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. ती बॅग उचलून गेली. हाकलले असते तर बरे, निदान तोंड तरी उघडावे लागले असते. तुझी आजी तेव्हा म्हणाली, "जन्मभर गळ्यात टाय बांधून कामाला जाता, तेव्हा नाही धर्म बुडत, लेकीने पांढरा झगा शिवला की लगेच बुडतो होय?" मी वर्तमानपत्राचे पान उलटले.

लग्नाला मी आलो होतो. त्यांच्या प्रार्थनामंदिरासमोर पादत्राणांचे दुकान होते. तेथे पाऊण तास नको असलेले बूट पायांत घालून पाहत बसलो. पायऱ्यांवर तुझी आई दोनदा थांबली आणि वळून रस्त्याकडे पाहू लागली. मी मागे सरलो. हे तिला ठाऊक नाही. आजीलाही मी कधी सांगितले नाही.

राहिले नाव. पूजेच्या शेवटी घरातील प्रत्येकाचे नाव घेऊन त्याचे कुशल मागावे, हा माझा परिपाठ. तुझ्या बाबांचे नाव जिभेवर बसेना, म्हणून कागदावर लिहून घोकले. वेगळा देव मानणाऱ्यासाठी आपल्या देवाकडे मागणे शास्त्राला धरून आहे का, हे कोणाला विचारले नाही. नकार आला असता तर पंचाईत झाली असती. समोरासमोर मात्र तीस वर्षे ‘अहो’ म्हणून वेळ मारून नेली. तेवढ्यापुरते तुझे म्हणणे खरे आहे.

मावशी सांगते, तुझे लग्न ठरले आहे. सकाळी बाबांच्या प्रार्थनामंदिरात, सायंकाळी आपल्या मंत्रांनी. आणि "आजोबांना कशाला अडचणीत टाकायचं" म्हणून मला कळवायचे नाही, असे तू घरी बजावले आहेस. तुला बोल लावत नाही. तसा समज मीच करून दिला. पण चिमणे, मला बोलाव. मी दोन्हीकडे येईन. पहिल्या रांगेत नको, शेवटच्या रांगेत एक खुर्ची ठेव, म्हणजे झाले. एवढे मागण्यासाठी हे पत्र.

पुस्तिकेतील तारखा अशा दुरुस्त कराव्यात:

आईने घर सोडले: ३ नव्हे, २ जानेवारी १९९४. रविवार होता, मी घरीच होतो.

विवाह: १४ नव्हे, १२ फेब्रुवारी. चौदा तुला अधिक भावली असावी.

जावयाचे नाव पूजेत आले: ‘कधीच नाही’ नव्हे, १३ फेब्रुवारी.

आजोबांनी नातीला प्रथम पाहिले: पहिल्या वाढदिवशी नव्हे, जन्माच्या तिसऱ्या दिवशी, ६ ऑगस्ट १९९७, रुग्णालयाच्या काचेतून.

तुझे लग्न: मावशीच्या म्हणण्यानुसार २१ नोव्हेंबर. ही तारीख मी तपासू शकत नाही. तू स्वतः कळवावीस.

तुझाच,
आजोबा