‘पुट’च्या शेपट्या

३ फेब्रुवारी
झाले मास्तरीण! बाबांना बोटीवर वेल्डरची नोकरी हवीय, मुलाखत इंग्रजीत असते म्हणे, आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटीच. आईने मला न विचारता कबूल करून टाकलं. बाबांच्या कारखान्यातले फोरमन फाडफाड बोलतात, त्यांना का नाही विचारत? तर म्हणे लाज वाटते.

५ फेब्रुवारी
काय ही भाषा! साध्या ‘पुट’ला शेपूट लावलं की अर्थच फिरतो. ‘पुट ऑन’ अंगात घालणे, ‘पुट ऑफ’ पुढे ढकलणे, ‘पुट अप विथ’ सहन करणे – याला तर दोन शेपट्या! बाबा तोंडात बोळा कोंबल्यासारखं म्हणतात. मी फिदीफिदी हसले. तेही हसले, मग मला जास्तच राग आला.

८ फेब्रुवारी
आई म्हणाली, “दोन वर्षांचा करार आहे. मध्ये सुट्टी नाही.” नोकरीचा पत्ता नाही आणि बाईसाहेबांनी बॅग आणलीसुद्धा! दोन वर्षं मी आणि आई, याच दोन खोल्यांत, आणि भांडणात मध्ये पडायला कोणी नाही. मला नाही जाऊ द्यायचं बाबांना.

९ फेब्रुवारी
सुचलं!

१० फेब्रुवारी
आजपासून उलटे अर्थ. ‘वॉच आउट’ म्हणजे बाहेर बघत बसणे. ‘कॅरी ऑन’ म्हणजे खांद्यावर वाहणे. ‘पुट आउट’ म्हणजे बाहेर नेऊन ठेवणे. एकदाही शंका नाही! दिवसभर ठिणग्यांत उभा राहून आलेला माणूस मान डोलावत घोकतोय. एवढा भोळा सांब बोटीवर काय करणार? मुलाखतीतून दोन मिनिटांत घरी पाठवतील.

१५ फेब्रुवारी
“मास्तरीणबाई, आज काय?” रोज जेवण झालं की हजर. हौस बघा!

२० फेब्रुवारी
मुलाखतीत इंग्रजीचा एक शब्द विचारला नाही! दोन पाइप पुढे ठेवले, जोडून दाखवा म्हणाले. साहेबाने सांध्यावरून बोट फिरवलं आणि नोकरी दिली. रविवारी निघायचं. आई शेजारीपाजारी सांगत सुटलीय. माझी सगळी हुशारी पाण्यात.

२१ फेब्रुवारी
गणिताच्या तासाला एकदम आठवलं. ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे. बोटीवर आग लागली आणि कोणी तसं ओरडलं तर बाबा काय करतील? जळतं सामान उचलून बाहेर नेतील? मूर्ख ते नाहीत, मी आहे.

२२ फेब्रुवारी
रडत रडत सगळं सांगितलं. बाबा बॅग भरत होते. म्हणाले, “अगं, ‘वॉच आउट’चा अर्थ काही पटेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी लाज सोडून फोरमनला विचारलं मी. खरे अर्थ पाठ आहेत.”

“मग रोज कशाला बसायचात माझ्यापुढे?”

“मला थांबवायला तू एवढी खटपट करतेयस हे कळल्यावर उठवेना गं.”

बॅगेची चेन अडकली होती. मी लावून दिली.