अक्कांचं वय

॥ श्री ॥

गोरेगाव, मुंबई
१४ जून १९९९

ती. सौ. उमावहिनीस,
नीरजाचा सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम तुझ्या नावावर टाकते आहे. फोन अप्पांच्या आरामखुर्चीला चिकटून, त्यावर बोललेलं सगळ्या घराला ऐकू जातं. बातमी अशी, की मला मालिका मिळाली. ‘मायेचा मांडव’. आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी साडेसातला. आता पुढचं जरा बसून वाच. त्यात मी आजी आहे. पासष्ट वर्षांची, सगळ्या घराची अक्का.

मी गेले होते धाकट्या सुनेच्या कामासाठी. अक्का होणाऱ्या बाई आयत्या वेळी आल्याच नाहीत आणि सगळं युनिट खोळंबलं. दिग्दर्शक मला म्हणाले, नुसती त्यांच्या जागी उभी राहून वाक्यं म्हण, तेवढं लाइटिंग तरी उरकेल. मला काय सुचलं कोण जाणे, मी आई झाले. ती उठताना गुडघ्यावर तळवा टेकून ‘चला’ म्हणते ना, तशी उठले. पदर कमरेला खोचला, नातवाच्या कपाळाला उलटा हात लावला. तासाभरात मेकअपमन लवूने माझे केस पांढरेसुद्धा केले!

काम तेरा आठवड्यांचंच आहे. पुढच्या मालिकेत माझ्या वयाची भूमिका द्यायचा शब्द दिलाय त्यांनी. पोफळीच्या कॉलनीत गणपतीच्या नाटकात मी राजकन्या व्हायचे, तेव्हा अप्पा वीजघरातली पाळी बदलून पहिल्या रांगेत येऊन बसायचे. त्यांना म्हणावं, राजकन्या एकदम आजीच झाली. आईची नक्कल केली आहे, हे मात्र तिला कळू देऊ नकोस.

सलिलदादाला नमस्कार. माझ्यावर माया आहेच तुझी, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नीरजा

॥ श्री ॥

रत्नागिरी
६ सप्टेंबर १९९९

चि. नीरजास,
अ. उ. आ. (वन्सं म्हटलं की चिडतेस, म्हणून नाही लिहीत.)

कळू देऊ नकोस म्हणालीस, पण लपवायला सवडच मिळाली नाही. पहिला भाग निम्मा व्हायच्या आत आईंनी ओळखलं. तांदूळ निवडत होत्या, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, मेली माझीच चाल चालतेय. पुढचे काही दिवस मुद्दाम ताठ चालल्या आणि शेवटी पाठ धरून बसल्या. अप्पांना हसू आवरेना. आता सगळ्यांच्या आधी टीव्हीसमोर त्याच असतात आणि तुझ्या चुका काढतात. काल म्हणाल्या, वरण घोटताना मी रवी अशी धरत नाही, तिला कळव.

हे मिरजोळ्याला कारखान्यात गेले की तिथे यांना सगळे ‘अक्कांचा मुलगा’ म्हणतात. वर्षभरापूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर हे भांडले असते. आता मिशीत हसतात.

एक जरा टोचणारं लिहिते. लांज्याच्या त्या स्थळाकडून मुलाची आई आली होती. चहा घेतला, तुझा फोटो पाहिला आणि अगदी साधेपणाने विचारलं, की हा किती जुना आहे? आईंनी हसून वेळ मारून नेली. त्या बाई गेल्यावर मात्र फोटो हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. तुझे तेरा आठवडे संपत आले ना गो?

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण येते, ती तिकडेही येत असावी.

तुझी,
उमावहिनी

॥ श्री ॥

गोरेगाव
२० फेब्रुवारी २०००

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तेरा आठवडे केव्हाच संपले. मालिका अशी चालली, की थांबवायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. नवा करार झाला. दुसरीकडे काम करायचं नाही, आणि समारंभाला जायचं तर अक्का म्हणूनच, पांढऱ्या केसांत आणि नऊवारीत. परवा एका हळदीकुंकवाला नेलं. आईहून मोठ्या एक बाई वाकून माझ्या पाया पडल्या. मी मागे सरायला लागले तर कंपनीच्या माणसाने डोळ्यांनी दटावलं. मग मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, वहिनी. आशीर्वाद दिला.

कबूल केलेली तरुण भूमिका दुसऱ्या मुलीला गेली. विचारायला गेले तर दिग्दर्शक म्हणाले, लोक तुला त्या वयाची मानणार नाहीत, त्याला तूच कारण, इतकं चांगलं कशाला केलंस! एका सिनेमाच्या ऑफिसातही जाऊन आले, माझ्या काळ्या केसांनी, तुला आवडतो तो निळा ड्रेस घालून. तिथला सहायक मुलगा उठून उभा राहिला, अक्का बसा म्हणाला, आणि पाठीला उशी आणून दिली. मी त्याचे आभार मानले. काय करणार होते?

आईचा आवाज फोनवर दमल्यासारखा वाटला. विचारलं, तर माझ्याच चुका सांगत बसली. तिला डॉक्टरांकडे ने. तुझ्याखेरीज कुणाचं ऐकायची नाही ती.

लोभ मागायला नको, तो तू न मागता देतेस.

नीरजा

रत्नागिरी
९ ऑक्टोबर २०००

चि. नीरजास,
आशीर्वाद.

आईंना जाऊन दोन महिने झाले. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हटलं तेव्हाही त्या हॉस्पिटलातून घरी परत येतील असंच आम्ही धरून चाललो होतो. दहाव्याला तू परत गेलीस, त्यावरून आळीत बोलणं झालं. मनाला लावून घेऊ नकोस. युनिट तुझ्यासाठी थांबलं होतं, हे या घराला माहीत आहे.

लिहायचं आहे ते अप्पांबद्दल. आई गेल्यापासून त्यांनी टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. ताटावर बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. गेल्या सोमवारी आपणहून चादर काढली. साडेसात वाजलेले. तू स्वयंपाकघरात बसली होतीस, गुडघ्यावर हात टेकून उठलीस आणि ‘चला’ म्हणालीस. अप्पा उभे होते ते खाली बसले. त्या संध्याकाळी पोटभर जेवले.

तेव्हापासून रोज सात वाजता तोंड धुऊन धुतलेला शर्ट घालतात. ताट टीव्हीसमोर मागतात. हे म्हणतात, जेवतायत ना, मग चालू दे. मलाही तसंच वाटतं. फक्त तुझा फोन आला की ते उठून आत जातात. रागावलेले नाहीत. फोनवर तू नीरजा असतेस, एवढंच असावं.

स्वतःला जप. इथली काळजी माझ्यावर टाक.

उमावहिनी

गोरेगाव
३ फेब्रुवारी २००१

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पूर्वी आई होणं ही गंमत होती. संध्याकाळी केस धुतले, की संपायची. आता केस पांढरे होत असताना मी समोर बघत नाही. लवूच्या ते ध्यानात आलं, तो न बोलता आरसा भिंतीकडे वळवतो. एकदा मी गुडघ्याला हात न लावता उठून पाहिलं. दिग्दर्शक ओरडले, ही अक्का नव्हे, पुन्हा कर! परवा बाजारात मेथीची घासाघीस केली ती तिच्या आवाजात. गुडघा खरोखर दुखतो. डॉक्टर म्हणाले, काहीही झालेलं नाही.

आता विचारायचं ते विचारते. एका छोट्या सिनेमाचं बोलावणं आलंय. दिग्दर्शिका बाईंनी मला पूर्वी नाट्यस्पर्धेत पाहिलं होतं. भूमिका अशी: तिशीची बाई, खाणावळ चालवते, नवऱ्यापासून वेगळी झालेली आणि पुन्हा प्रेमात पडणारी. त्या तासभर माझ्याशी बोलल्या आणि एकदाही अक्का म्हणाल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला रडूच आलं.

माझा करार एप्रिलात संपतो. कंपनी म्हणते, जायचं तर जा, आम्ही गोष्टीत अक्कांना मारून टाकू. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सिनेमा आला नाही. धुतलेला शर्ट घालून बसलेले अप्पा आले. त्यांना दुसऱ्यांदा ते कसं बघायला लावू? तू म्हणशील तसं करीन.

उत्तराची वाट बघते, आणि उत्तराला घाबरतेही.

नीरजा

रत्नागिरी
१२ फेब्रुवारी २००१

चि. नीरजास,
आशीर्वाद.

उत्तर लिहीत होते आणि फाडत होते, म्हणून उशीर.

तुला काही गोष्टी कळवल्या नव्हत्या. कलमांना भरपूर मोहोर आलाय, पण अप्पा बागेत पाऊल टाकत नाहीत. साडेसातच्या सुमारास कुणी आलं तर दार उघडू देत नाहीत. भात वाढताना मला सांगतात, अक्का पाडते तशी मूद पाड. परवा जाहिराती लागल्या तेव्हा म्हणाले, पाणी प्यायला गेली असेल, येईल आता. वेड लागलेलं नाही गो त्यांना. बँकेत जातात, वर्तमानपत्र वाचतात, सगळं शहाण्यासारखं. ती अर्ध्या तासाचीच जागा आहे, तिथे कुणाचं चालत नाही.

अक्का टीव्हीवर मेली तर काय होईल, ते माझ्याने मनात आणवत नाही. यांना विचारलं तर म्हणाले, तिला सांग, वर्षभर कळ काढ.

आणि माझं म्हणशील तर त्या अर्ध्या तासात मला आत जाऊन पाठ टेकता येते. दिवसभरात तेवढीच. म्हणून माझा सल्ला घेऊ नकोस, तो आपमतलबी आहे. तू थांबावंस असं मला वाटतं, आणि तसं वाटतं याची लाजही वाटते.

रागावलीस तरी पत्र टाक.

उमावहिनी

॥ श्री ॥

गोरेगाव
२२ सप्टेंबर २००२

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

गणपतीहून निघताना तू स्टँडवर विचारत होतीस, की अशी गप्प का. तिथे सांगता आलं नाही.

सिनेमा सोडला, त्याला दीड वर्ष झालं. तो दुसरीने केला. मी थिएटरात जाऊन पाहिला. फार छान केलंय तिने, मला खोट काढता आली नाही. दादा म्हणाला ते वर्ष उलटलं आणि पुढे आणखी वाढलं. यंदा अक्कांना बक्षीसही मिळालं. ते घ्यायला मी पांढऱ्या केसांत गेले.

गौरीच्या दिवशी तू मोदकांत होतीस, दादा फुलं आणायला गेला होता. अप्पा टीव्हीसमोर बसले, मी त्यांच्या शेजारी. अंगावर मोरपिशी साडी, डोक्यात तू दिलेला गजरा. पडद्यावर अक्का धाकट्या सुनेची समजूत काढत होती. मला वाटलं, आताच बोलावं. म्हटलं, अप्पा, मला हे आता होत नाही, मी फार दमलेय. आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. माझा हात हळूच उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, जरा गप्प बस, ती बोलतेय.

रागाने नाही म्हणाले. मोठ्यांच्या मध्ये बोलणाऱ्या पोरीला सांगावं, तसं. अक्कांचं बोलणं संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत होतो.

डिसेंबरात करार संपतो. या वेळी मी सही करणार नाही. आता मालिका इतकी मोठी झाली आहे, की ते अक्कांना मारणार नाहीत, माझ्या जागी दुसरी बाई आणतील. अप्पांचं काय होईल, मला माहीत नाही. तुझा तो अर्धा तास मी काढून घेते आहे, तेवढं समजून घे.

तुझीच,
नीरजा

॥ श्री ॥

रत्नागिरी
२० जानेवारी २००३

चि. नीरजास,
अ. उ. आ.

गेल्या सोमवारी नवी बाई आली. यापुढे अक्कांची भूमिका अमुक करतील, अशी पट्टी खाली येऊन गेली. अप्पांनी ती वाचली. बिचारीने तुझं पाहून पाहून सगळं घोटलंय. गुडघ्यावर तळवा, खोचलेला पदर, कपाळाला उलटा हात, काही सोडलं नाही. अप्पांनी शेवटपर्यंत पाहिलं. ताट तसंच होतं. मग मला म्हणाले, मुंबईला फोन लाव, त्यांना सांग ही नको, आमची परत आणा.

मला कुठून बळ आलं कोण जाणे. टीव्ही बंद केला आणि म्हटलं, आई गेल्या, अप्पा. तुमची मुलगी तुमच्यासाठी म्हातारी होऊन बसली होती, ती दमली. या घरात आल्यापासून मी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. ते खोलीत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी नुसता चहा. यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

परवा संध्याकाळी अप्पा पडवीत आले. मी कुळीथ पाखडत होते, समोर बसले. विचारलं, नीरजा कुठे असते? तिला करून कोण घालतं? मी सांगत होते, आणि ऐकता ऐकता अप्पा रडायला लागले, अगदी मोठ्याने. आई गेल्या तेव्हा या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. हे कामावरून आले ते स्कूटर बंद करायची विसरून अंगणात उभेच राहिले.

तुला काम मिळालं का? खरं ते लिही.

उमावहिनी

॥ श्री ॥

गोरेगाव
१६ फेब्रुवारी २००३

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

खरं ते लिहिते. काम नाही. दोन बोलावणी आली, दोन्ही आजीची. एकात तर नातवाचं काम करणारा माझ्याहून मोठा आहे. नाही म्हटलं. मग तेही लोक फोन करेनासे झाले. सध्या एका नटीला आवाज देते. ती वीस वर्षांची आहे, सुंदर आहे, मराठी येत नाही. अंधाऱ्या खोलीत काचेपलीकडे पडद्यावर ती हसते आणि इकडे मी तिचं हसू हसते. चेहरा कुणाला दिसत नाही, म्हणून वयही कुणी विचारत नाही. बाहेर पडल्यावर मात्र जुनीच गत. रिक्षावाले अजून अक्का म्हणतात आणि तब्येत विचारतात.

सुटले असं वाटलं होतं. दार उघडलं आणि पुढे दुसरी खोली निघाली, एवढंच. तरी तू अप्पांना जे बोललीस, ते मला जन्मात जमलं नसतं.

तुझ्या मायेवर जगते आहे.

नीरजा

॥ श्री ॥

रत्नागिरी
११ मार्च २००३

चि. नीरजास,
अप्पांचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र उमाकडून मागून घेऊन वाचले. तिच्यावर रागावू नकोस. मी पत्र लिहिणारा माणूस नाही, ते काम तुझी आई करीत असे व मी खाली सही करीत असे.

ती गेली हे मला ठाऊक होते. रोज साडेसातपर्यंत ठाऊक असे. मी चूक केली असे लिहिणार नाही, कारण त्या दिवसांत मला दुसरे काही जमलेच नसते. पण त्याचा भार कोणावर पडतो आहे, हे मी पाहिले नाही. गौरीच्या दिवशी तू माझ्या शेजारी बसून काही सांगत होतीस. काय सांगत होतीस ते मला आता आठवत नाही. आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पुन्हा सांगशील तर ऐकेन.

परवा बागेत गेलो होतो. कुंपणाचा दगडी गडगा एका बाजूने ढासळला आहे. सलिल माणसे लावतो म्हणाला.

तुझे एकटीचे कसे व्हायचे याचा विचार मनात येतो. एखादे स्थळ पाहावे असे वाटले. तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही. त्यासाठी काल उमाला तुझे वय विचारले. तिने एकतीस सांगितले. माझा विश्वास बसेना, मी पुन्हा विचारले. मला वाटत होते, तू बरीच मोठी आहेस.

तुझा,
अप्पा