हात खाली

जयपूर, १२ नोव्हेंबर १९६६

तीर्थरूप बाबा,

उद्या उड्यांच्या स्पर्धेला तुम्ही काठी टेकत येणार, असं आई म्हणाली. नऊ वर्षांनी मला घोड्यावर बघाल. म्हणून लिहायला बसले आहे, पण हे पत्र तुमच्या हातात देण्याचं धैर्य माझ्यात नाही.

त्या सकाळी माझी घोडी शबनम उधळली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही ओरडलात, "हात खाली!" आणि मी लगाम सोडून दिला. तिला अडवायला तुम्ही आडवे धावलात आणि तुमचा गुडघा तिच्या टापांखाली गेला. तेव्हापासून घरात मी घाबरट ठरले.

बाबा, मी घाबरले नव्हते. मराठी आपली घरात. तबेल्यात सगळी हिंदीच. रोज फेरी संपली की मोतद्दार रामसिंगजी म्हणायचे, "बाईसा, हाथ खाली करो," आणि मी लगाम त्यांच्याकडे द्यायची. घोड्यावर मला 'खाली' म्हणजे रिकामे, एवढंच ठाऊक होतं. हात खाली घ्यायचे होते. मी ते रिकामे केले.

हे सांगितलं तर तुमचा गुडघा तुमच्याच शब्दाने गेला असं होईल. त्यापेक्षा मला घाबरट म्हणा, चालेल.

फक्त उद्या काहीही झालं तरी ओरडू नका. तो शब्द कानावर पडला की माझे हात अजूनही आधी सुटतात.

तुमची,
कुमुद