ओढ म्हणालात तेव्हा

अप्पा,

आता माझं छप्पर पडत नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न तोच विचारला असता. तब्येत, संसार वगैरे चौकशी मागाहून. बेचक्याची दोन लाकडं, एक आढं, एक ताडपत्री आणि आसपास मिळेल ते गवत-काटूक, एवढ्यावर मी तासाभरात चार माणसं बसतील असा आडोसा उभा करते, आणि तो वाऱ्याला भीक घालत नाही. पन्नाशी उलटली तरी शाळकरी मुलामुलींना घेऊन डोंगरपठारांवर जाते आणि त्यांना हेच शिकवते. गुडघे कुरकुरतात, पण गाठ चुकत नाही. बढाई मारतेय असं वाटेल. मारतेच आहे. बढाई मारायला बापाइतकं हक्काचं माणूस दुसरं कोण, आणि तुम्हाला जाऊन तर वीस वर्षं झाली. पण आज लिहायला बसले ती बढाईसाठी नाही. कानोत्याच्या धरणावर त्या रविवारी माझ्या हातून छप्पर का पडलं, ते तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकातलं जयपूर, शास्त्री नगरातलं आपलं भाड्याचं घर, आणि तुमची जमिनी मोजायची सरकारी नोकरी. अर्धं वर्ष तुम्ही अरवलीच्या पायथ्याशी तंबूत, अर्धं वर्ष घरी. मी अकरा वर्षांची होते आणि मला तुमच्याबरोबर कॅम्पला यायचं होतं, म्हणजे यायचंच होतं. आई म्हणायची, "पोरीचं काय काम तिथे, तंबूत?" तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत, मला अट घातलीत. "स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर स्वतःला उभारता आलं पाहिजे. आलं तर नाताळच्या सुट्टीत नेईन. नाही आलं तर पुन्हा विषय काढायचा नाही." तुमचा दुसरा नियम तर त्याहून कडक होता: उंबऱ्याच्या आत मराठीच. माझ्या तोंडून "मतलब" निसटलं की तुम्ही कानामागे हात धरायचात, जणू ऐकूच आलं नाही. मी "म्हणजे" म्हणेपर्यंत तुमच्याकडून उत्तर म्हणून मिळायचं नाही. आपली मुलगी सातारच्या मुलींसारखं बोलते असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, आणि मी पाहुण्यांसमोर शक्यतो गप्प बसायचे.

मे महिन्यातला रविवार आहे. स्कूटरवर तुमच्या पायांशी गुंडाळलेली ताडपत्री, माझ्या मांडीवर आईने दिलेल्या दशम्या. धरणाचं पाणी पार आत गेलंय, काठाला नुसती वाळू. तुम्ही हात मागे बांधून उभे आहात आणि मी राबतेय. वाळक्या बाभळीची दोन बेचकी लाकडं हातभर खड्ड्यात उभी केली, त्यांवर आढं टाकून मुंज गवताच्या दोरीने बांधलं. "निरगाठ नको, ऐन वेळी सुटणार नाही. सुरगाठ मार." ताडपत्रीची उतरती बाजू पश्चिमेला, कारण लू, तो उन्हाळ्यातला भाजणारा वारा, तिकडूनच येते, आणि त्या बाजूला आतून सरकंड्याच्या उंच गवताच्या पेंढ्या उभ्या, वाळू अडवायला. चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या खुंट्यांना ताणल्या. शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, खुंट्यांकडे बघून म्हणाली, "बाबूजी, रेत में खूँटी कोनी रुकै. भाटो गाड़ो." खुंटी नको, दगड पुरा, असं तिचं म्हणणं. तुम्ही हसून "हाँ माँजी" म्हणालात आणि खुंट्या होत्या तशाच राहिल्या. इतकी वर्षं तंबूत काढलेला माणूस शेळ्यावालीचं कशाला ऐकेल! मग आपण सावलीत बसून दशम्या खाल्ल्या आणि तुम्ही वर बघत म्हणालात, "जमलंय की गं." मी मनातल्या मनात कॅम्पची पिशवी भरायला घेतली.

तीनच्या सुमाराला पश्चिमेचं आभाळ आधी पिवळं झालं, मग विटकरी. आंधी, तिकडचं धुळीचं वादळ, आली ती एकदम अंगावरच. कोपऱ्यातली खुंटी उपटून निघाली आणि मोकळी झालेली दोरी माझ्यासमोर नाचायला लागली. तुम्ही लाकडाला खांदा लावून ओरडताय, "ओढ! ओढ गं, ओढ!" आणि मी, अप्पा, तुमचं ऐकलं. ताडपत्रीचं फडफडणारं टोक दोन्ही हातांनी धरलं, अंगावर घेतलं आणि डोकं गुडघ्यांत घालून घट्ट बसले. शाळेत, शेजारच्या आंटींकडे, सगळीकडे ओढणं म्हणजे पांघरणं. बेटा, रजाई ओढ़ लो. शॉल ओढ़ लो. दोरी ओढतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ऐन वेळी धावून आला तो शाळेतला शब्द. वाळू डोळ्यांत जाईल म्हणून अप्पा पांघरून घ्यायला सांगताहेत, किती बाई काळजी आपली, असंच मनात आलं. तुम्ही आणखी जोरात ओरडलात, मी आणखी घट्ट पांघरलं.

आढं तुमच्या कोपरावर पडलं. वारा ओसरल्यावर तुम्ही माझ्या अंगावरची ताडपत्री बाजूला केलीत आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, "दोरी समोर होती. नुसती ओढायची होती." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. घरी आल्यावर आईने सुजलेलं कोपर पाहून विचारलं, आणि तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "काही नाही. घाबरली ती." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घाबरली? मी? एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण ते वाक्य म्हणजे तुमच्या सातारच्या मुलीचं डोकं हिंदीत चालतं, याची कबुली. ती देण्यापेक्षा भित्री ठरणं परवडलं. तरी अन्याय सहन होईना, म्हणून सकाळी काय व्हायचं ते होवो, सांगून टाकायचं, असं ठरवूनच झोपले.

सकाळी तुम्ही ओट्यावर चहा घेत बसला होतात, कोपराला हळदीचा लेप. मी समोर जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडणार तोच तुम्ही म्हणालात, "बैस. एक सांगतो. माझ्या पहिल्या कॅम्पला अशीच आंधी आली होती. हातातलं मोजणीचं यंत्र तिथेच टाकून मी पळालो आणि खाटेखाली शिरलो. मोजणीला हाताखाली असलेल्या खलाशांनी पाय धरून बाहेर ओढलं मला."

"खरंच?"

"आईला बोलू नकोस."

तुम्ही हसलात, आणि हसताना लाजलात. बाप लाजतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तोवर आपल्यात बोलणं व्हायचं ते गृहपाठाचं, गाठींचं, "म्हणजे" आणि "मतलब"चं. तुम्ही अर्धा चहा बशीत ओतून बशी माझ्याकडे सरकवलीत, आणि ओठांवर आलेलं ते वाक्य मी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

पुढच्या रविवारी आपण पुन्हा गेलो. या खेपेला दगडाला दोरी बांधून दगडच हातभर खोल पुरले. म्हातारीचं नाव तुम्ही काढलं नाहीत, मीही आठवण करून दिली नाही. तिसऱ्या रविवारी आंधी आली. तुम्ही मुद्दाम दहा पावलं लांब जाऊन वाऱ्यात उभे राहिलात, आणि मी आत एकटीने, दोन्ही हातांत दोरी धरून, छप्पर उभं ठेवलं. तुम्ही केसांतली वाळू झटकत आत वाकून म्हणालात, "आईला आता मी बघतो." नाताळात आठ दिवस मी तुमच्या कॅम्पवर होते. त्या आठ दिवसांवर मी आजवर जगत आले आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

तुम्ही मात्र ती सकाळ कधी सोडली नाहीत. बोर्डाच्या परीक्षेला जाताना, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना, तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणायचात, "भ्यायला होतंय ना? होऊ दे. आपण दोघं भिऊन भिऊनच पुढे जाणारी माणसं." मला त्या दिवशी भ्यायला झालेलं नसायचं. मी मान डोलवायचे. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून माझा हात धरलात आणि म्हणालात, "आज मी खाटेखाली शिरलोय गं." मी म्हटलं, "मी पाय धरून काढते, अप्पा." तुम्ही हसलात, आणि दार बंद झालं. तुम्ही परत आला नाहीत. आजवर तुमच्यासाठी मी जेवढं रडले नसेन तेवढं त्या बंद दाराशी रडले.

सगळ्या जगात आपल्यासारखं भित्रं माणूस एकच, आपली मुलगी, असं समजून तुम्ही माझ्याशी मोकळं बोललात. मी तसं समजू दिलं. चाळीस वर्षं झाली. अप्पा, मी त्या दिवशी घाबरले नव्हते, मला शब्द कळला नव्हता. आणि हा कागद तुमच्या हातात पडणार असता, तर यातली एक ओळही मी लिहिली नसती.