फणसाचे दोन ठोकळे

आबा,

काल भंगारवाला येऊन मांगरातल्या तुमच्या गॅरेजातले दोन्ही लोखंडी खांब घेऊन गेला. इतकी वर्षं ते तिथेच उभे होते, वेल चढलेले, आणि मी माहेरी आले की त्यांच्याकडे न बघता विहिरीवर जात असे. जाताना त्याने कोपऱ्यातले तुमचे फणसाचे दोन ठोकळेही गाडीत टाकले होते. ते मात्र मी मागून घेतले. 'आजये, ह्या लाकडाचो तुका काय उपयोग?' असं त्याने विचारलं. बसायला होतील म्हटलं. आता त्यातल्याच एकावर बसून हे लिहिते आहे.

तुम्ही मला जन्मात एकदाच मारलंत, ते या ठोकळ्यांपायी. मी तिसरीत असेन. डॉक्टरांची मोटार जॅकवर चढवलेली, माझा सागरगोटा तिच्याखाली घरंगळला, आणि मी खांद्यापर्यंत हात आत घातला. तुम्ही वेणीला धरून मला मागे ओढलंत आणि एक सणसणीत ठेवून दिलीत. 'ठोकळे लावूक नाय अजून! जॅक काय तुझो मामा आसा, तुका सांभाळूक?' ओरडून झाल्यावर तुम्हीच खाली बसलात. संध्याकाळी बाजारातून खडखडे लाडू आणून माझ्यापुढे ठेवलेत. गाडी एकदा वर गेली की आधी दोन्ही ठोकळे खाली सरकवायचे आणि मगच अंग आत घालायचं, हा तुमचा नेम होता, आणि घाईतसुद्धा तो तुम्ही कधी मोडल्याचं मला आठवत नाही.

सर्व्हिस मोटारीची नोकरी सुटली आणि तुम्ही घराशेजारच्या मांगरातच गॅरेज काढलंत. आधी खड्डा खणलात, पण खाडी हाकेच्या अंतरावर, दोन हातांवर पाणी लागलं. मग वर्षानुवर्षं गोणपाट अंथरून, उताणं पडून काम. उठताना गुडघ्यावर हात देऊन 'आये गो' म्हणायचात, ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं. गाडी उचलावी कशी याचा विचार तुम्ही जवळजवळ वर्षभर केलात. चिऱ्यांचा चढ बांधला तर गाडी वर जाईल, पण चाकं मोकळी होणार नाहीत. तुळईला साखळीची कप्पी टांगली तर गाडीचं एकच टोक उचललं जाईल, आणि तुळईला वाळवी. जेवून उठलात की सुतळी आणि चार खुंट्या घेऊन तुम्ही मांगरात. आई ओटीवरून विचारी, 'मांगरात कोणाचा लगीन लागतला? मंडपाची मापा घेतास?'

अशात गोवा मोकळा झाला, आणि म्हापशाकडचा एक भाटकार, मोठा जमीनदार, पोर्तुगालला जायला निघाला. त्याच्या घरच्या गॅरेजात मोटार उचलायची परदेशी लिफ्ट होती. दोन खांब, प्रत्येकात आट्यांचा उंच दांडा, आणि हँडल फिरवलं की दांड्यांवरचे पितळी नट मोटारीला घेऊन सावकाश वर चढत. ती बघून आलात ते निराळेच होऊन आलात. मी तेव्हा चार दिवस माहेरी आले होते. जेवताना पानावर बसूनच तुम्ही हवेत हँडल फिरवून दाखवलंत. मग खिशातली चिंधी काढलीत. नटाजवळचं थोडं ग्रीस तीवर पुसून आणलं होतं, ते उन्हात धरलंत तर त्यात बारीक पिवळे कण चमकत होते. आई म्हणाली, 'हळद सांडली काय?'

'हळद न्हय. पितळ. नट झिजता हा. किती झिजलो ता खोलल्याशिवाय कळाचा नाय, आणि भाटकार खोलूक दिणा नाय.'

मनाने तुम्ही लिफ्ट घेतलीच होती, पण बोटं नको म्हणत होती. तुम्हाला इतकं अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी आपल्याकडे करतात तेच ठरवलंत. देवाला कौल लावायचा, पाषाणाला चिकटवलेल्या फुलांच्या कळ्यांपैकी उजवीकडचा कळा पडला तर लिफ्ट घ्यायची, डावीकडचा पडला तर विषय संपला.

आणि नेमके तुमचे चुलतभाऊ गेले. दहा दिवसांचं सुतक. तुम्ही, आई, भावकीतलं कुणीच देवळाची पायरी चढू शकत नव्हतं, आणि भाटकाराचा माणूस दोन दिवसांनी उत्तर न्यायला येणार होता. अशात एका सकाळी मी तुम्हाला भेटायला म्हणून एसटीतून उतरले. लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या भावकीचं सुतक नाही. तुम्ही मला अंगणातच थांबवलंत. 'हयसर पाणी पण पिव नको गो बाय. तशीच देवळात जा. आमचा गाऱ्हाणा तूच घाल.'

देवळात गुरवाशिवाय कुणी नव्हतं. त्याने पाषाणाला ओले कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं. 'बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान ता यंत्र घरात आणूचा काय नको, ता उजवा-डावा करून सांग.' मी बघत उभी. वात काजळली. एकही कळा हलला नाही. गुरवाने ते काढून नवे लावले, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पुन्हा तसंच. बराच वेळ थांबून तो माझ्याकडे वळला. 'देव गप आसा. असो गप रवता तेवा घाय करू नये. उद्या सकाळी ये.'

देवळापासून घर दहा मिनिटांवर. तुम्ही अंगणाच्या तोंडाशी उभे होता, सुतकातली दाढी वाढलेली. 'काय झाला?' म्हणून विचारलंत.

'उजवी दिल्यान,' मी म्हटलं.

मला तुम्हाला एकदा तरी ताठ उभं राहून काम करताना बघायचं होतं. तुम्ही तिथूनच देवळाच्या दिशेने हात जोडलेत, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला भीती वाटली. पण बोललेला शब्द मागे घ्यायचा तर तो त्याच क्षणी, आणि तो क्षण मी पदर सारखा करण्यात घालवला.

लिफ्ट आली. हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर ट्रक अर्धा दिवस अडकला होता म्हणे. आईला ते चांगलं वाटलं नाही. तुम्ही हसण्यावारी नेलंत.

चतुर्थीला मी आले तेव्हा डॉक्टरांची मोटार तुमच्या डोक्यावर होती, आणि तुम्ही हातात पाना घेऊन तिच्याखाली सरळ उभे. मला ओरडून बोलावलंत. 'बघ गो, आता आये गो म्हणूचा पडना नाय!' मी जवळ आले तशा हातातल्या बांगड्या वाजल्या. 'नवो चुडो? बरो दिसता,' म्हणालात. मी हसले, आणि हसता हसता कोपऱ्यात नजर गेली. ठोकळ्यांवर सोललेले नारळ मांडून ठेवले होते.

'आबा, ठोकळे?'

'देवान उजवी दिल्यार ठोकळे कित्याक? त्येच्यार संशय घेतल्यासारखा जायत.'

हे तुम्ही अगदी मऊ आवाजात सांगितलंत, मला शिकवल्यासारखं. तुमच्या सदऱ्याच्या खांद्यावर पिवळे कण पडले होते. मी ते पदराने पुसले. आई गणपतीच्या आरतीला हाका मारत होती. मी म्हटलं, चला, आणि हात धरून तुम्हाला तिथून बाहेर काढलं. आरती संपल्यावर सांगू असं ठरवलं. मग जेवणं झाल्यावर. मग पुढच्या खेपेला.

पुढची खेप मार्गशीर्षात आली. भर दुपारी सासरच्या अंगणात मी सुपारी सोलत बसले होते आणि आपला शेजारी दारात आला. काही बोलायच्या आधी त्याने पाणी मागितलं, तेव्हाच मला कळलं. डाव्या खांबाचा नट गेला होता. आत आटे उरलेच नव्हते, असं नंतर खोलणाऱ्याने सांगितलं. तुम्ही सायलेन्सर बसवत होता. ठोकळ्यांवर नारळ तसेच होते.

बाराव्याला गुरव येऊन अंगणात उभा राहिला. सगळे आत होते. तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, 'तू दुसऱ्या दिसा इलंस नाय.' त्याने ते पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्याने सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला अनेकदा वाटलं, आणि वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही.

कारण आईने सगळं देवाच्या माथी मारलं. 'माझ्या घोवान तुका इचारल्यान, आणि तू खोटा सांगलंस,' असं ती ओटीवरून देवळाकडे तोंड करून म्हणायची. पालखी दारावरून जाताना दार लावून घ्यायची. रोजचा दिवासुद्धा बंद केला. देवाने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं, आबा. तो गप्प होता. तिला हे सांगितलं असतं तर तिची लेक गेली असती, पण देव परत मिळाला असता. मी तिच्या केसांना तेल लावत तिचं ते बोलणं ऐकत असे. ती तशीच गेली, त्याच्यावर रागावलेली.

हे टपालात पडणार नाही. घडी करून ठोकळ्याखाली ठेवीन आणि पावसाळ्यात वाळवी खाईल. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाला असता की चेडवा, माझ्या पाठीसाठीच बोललंस ना. मीही मनाला तेच सांगत आले, वरही तसंच लिहिलं. पण देवळातून घरी येताना त्या वाटेवर मला तुमची पाठ आठवली नव्हती. उद्या सकाळी ये म्हणजे सुतकाच्या घरी न राहता दुसरीकडे कुठे तरी मुक्काम करावा लागणार, आणि दुसऱ्या दिवशी सासरी नणंदेच्या लग्नाचा चुडा भरायला कासार येणार होता. मी नसते तर जावांनी निवडून उरलेल्या बांगड्या मला मिळाल्या असत्या. दोनची एसटी मला मिळाली. मनासारख्या हिरव्या बांगड्या भरल्या, तुम्ही पाहिल्यात त्याच. बाराव्याला आईचे हात मोकळे होते, आणि तिला वाढताना वाजू नयेत म्हणून मी माझ्या कोपरापर्यंत वर चढवल्या होत्या.